अंदमानात गोगलगायी मोजायला जाण्याआधी

सप्रेम नमस्कार,

तुझा आराखडा वाचला. प्रत्येक जागेपुढे ‘सापडतील तेवढे शंख’ असं लिहिलं आहेस, ते आधी खोड. १० बाय १० मीटरचा तुकडा आखून घे आणि दोघांनी घड्याळ लावून तासभर शोधा: खोडांवर, पानांच्या खालच्या अंगाला, कुजक्या ओंडक्यांखाली. किती जणांनी किती वेळ शोधलं हे लिहिलेलं नसेल, तर ‘इथे आढळली नाही’ या नोंदीला काही वजन राहत नाही.

मग त्याच तुकड्यातून ५ लिटर पालापाचोळा वरच्या मातीसकट उचल. कित्येक जाती ५ मिलिमीटरहून लहान असतात. उभ्याने शोधणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. जिवंत असतील त्या आधी वेच. उरलेला पाला कापडी पिशवीत वाळवून १०, २ आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळण्यांतून काढ. ओला चाळलास तर मातीचे गोळे होतात आणि बारीक शंख त्यातच अडकून बसतात. प्लास्टिकची पिशवी तर नकोच, तिथल्या दमट हवेत लगेच बुरशी धरते.

सगळ्यात मोठी चूक रिकाम्या शंखांपाशी होते. अंदमानात रिकाम्या शंखात घर करणारे खेकडे जमिनीवरही फिरतात आणि गोगलगायींचे शंख पाठीवर घेऊन लांबवर जातात. जपानी ताब्याच्या काळात (१९४२–४५) तिथे आलेली आफ्रिकी गोगलगाय, आपल्याकडे सोयाबीन फस्त करणारी तीच शंखी गोगलगाय, तिचे शंख त्यांना फार सोयीचे. म्हणून किनाऱ्याजवळ शंख मिळाला, एवढ्यावरून गोगलगाय तिथे राहते असं लिहू नकोस. शिवाय बाराटांग बेटावरच्या चुनखडीत जुने शंख दीर्घकाळ टिकतात, आम्लधर्मी मातीत लवकर विरघळतात. मृत शंखांच्या आकड्यांवरून दोन जागांची तुलना करता येत नाही. वहीत तीन रकाने ठेव: जिवंत, ताजा मृत (वरची चकचकीत साल शाबूत), जुना पांढरा.

नमुने थेट अल्कोहोलमध्ये टाकलेस तर अंग आक्रसून आत जातं आणि विच्छेदन अशक्य होतं. उकळून गार केलेलं पाणी बाटलीत काठोकाठ भर, हवेचा बुडबुडा राहू देऊ नकोस, आणि त्यात रात्रभर ठेव. त्याहून जास्त ठेवलं तर कुजतात. नंतर ७५ टक्के इथेनॉल, दुसऱ्या दिवशी ते बदलायचं. डीएनएसाठी पायाचा तुकडा ९५ टक्क्यांत. शंखाच्या तोंडाला झाकण असलेल्या जाती दार लावून बसतात आणि अल्कोहोल आत शिरत नाही. त्यातल्या एका नमुन्याच्या शंखाला बारीक भोक पाड. फॉर्मेलिन वापरू नकोस, ते शंख खातं आणि डीएनए बिघडवतं. ९५ टक्के इथेनॉल विमानात नेऊ देत नाहीत, ते पोर्ट ब्लेअरलाच (आताचं श्री विजयपुरम) मिळवण्याची सोय आधी कर. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाक.

ओढ्यात मुखापासून वर सरक. नेरिटिडी कुळातल्या बऱ्याच गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची पिल्लं समुद्रात वाढून परत ओढ्यात चढतात, त्यामुळे मुख सोडलंस तर यादी अपुरी राहील. दगडावरचे पांढरे ठिपके म्हणजे त्यांची अंडी. दगड उलटून पाहिलास तर होता तसाच परत ठेव. मात्र खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नकोस.

हातमोजे नेहमी घाल. आफ्रिकी गोगलगायीत उंदराच्या फुप्फुसात वाढणारा कृमी असू शकतो, त्यामुळे माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते. जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र आराखड्यातून पूर्ण वगळ आणि वनखात्याचा परवाना हातात आल्यावरच तिकीट काढ.