उजनी कालव्याच्या कडेच्या रस्त्यावरून सायकल चालवणं सुरक्षित आहे का?

हो, पण उजाडल्यावर, कोरड्या दिवसांत आणि पाण्यापासून लांबच्या चाकोरीतून. मोहोळ-पंढरपूर भागात मी नेहमी चालवतो. रस्ता मुळात कालव्याच्या देखभालीसाठी आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी कठडा नाही. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडलेलं पाणी, सुटलं की पाण्याला ओढ असते, आणि सिमेंटच्या उतारावर शेवाळ धरल्याने पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. कोणी पडलंच तर मागोमाग उडी घेऊ नका. काठावर पालथं पडून दोर, ओढणी, जे हाताशी असेल ते टाका. काळी माती पावसाच्या एका सरीत चाक आणि मडगार्डमध्ये गच्च बसते. शेळ्या-म्हशी दिसल्या की घंटी लांबूनच वाजवा, जवळ गेल्यावर उतरून चाला आणि शेताच्या बाजूने जा. बुजलेली म्हैस पाण्याकडे ढकलू शकते. वाटेत आडवे टाकलेले पाइप चाकाखाली चेपू नका, सायकल उचलून ओलांडा. कुणाचं तरी रान त्यावर भिजत असतं.

एक अपवाद: उसाचा गळीत हंगाम. दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर अरुंद बांधावर बाजू देऊच शकत नाही. तेव्हा तुम्हीच रस्त्याखाली उतरून थांबा, नाहीतर ते महिने तो टप्पा सोडा.