चिपवर बारीक नक्षी प्रकाशाने छापणाऱ्या लिथोग्राफी मशिनच्या लेन्सची कामगिरी कशी वाढवतात? न्यूमरिकल अपर्चर (लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश घेते त्याचं माप) वाढवलं की झालं ना?

अपर्चरचा मार्ग जवळजवळ संपलाय. हवेत ते 1 च्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून शेवटचं भिंग आणि वेफर (ज्यावर चिप बनते ती सिलिकॉनची चकती) यांच्यामध्ये पाणी भरायला लागले. 193 नॅनोमीटरच्या प्रकाशाला पाण्याचा अपवर्तनांक साधारण 1.44, त्यामुळे अपर्चर 1.35 पर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं. 193 ला 1.35 ने भागा, 0.25 ने गुणा (एका एक्स्पोजरसाठी हा गुणक याहून खाली जात नाही): सुमारे 36 नॅनोमीटर. सारख्या रुंदीच्या रेघा आणि फटी असलेल्या दाट नक्षीत, एका एक्स्पोजरला याहून बारीक रेघ उमटत नाही. वर अपर्चर वाढलं की फोकसची खोली (ज्या अंतरात चित्र स्पष्ट राहतं ते) झपाट्याने घटते, ते वेगळंच.

काच, पॉलिश, अॅस्फेरिक (गोलाकार नसलेले) पृष्ठभाग, लेसरचा वर्णपट पिकोमीटरच्या अपूर्णांकात आवळणं (जवळपास सगळी भिंगं एकाच फ्यूज्ड सिलिकाची असल्यामुळे रंगदोष दोन वेगळ्या काचांच्या जोडीने घालवता येत नाही), हे सगळं लागतंच. पण माझ्या मते खरी गंमत लेन्स मशिनमध्ये बसून कामाला लागल्यावर सुरू होते.

मी पहिल्यांदा इंटरफेरोमीटरवर (प्रकाशलहरींच्या पट्ट्यांवरून सूक्ष्म फरक मोजणारं यंत्र) भिंग तपासत होतो तेव्हा सहज हात जवळ नेला, तर पडद्यावरचे पट्टे सरकायला लागले. हाताच्या उबेने हवा तापली, एवढंच. स्कॅनरमध्ये, म्हणजे लिथोग्राफी मशिनमध्ये, तर दिवसरात्र अतिनील लेसर त्याच काचेतून जात असतो. त्यातला अगदी थोडा भाग काच शोषते, पण तेवढ्यानेही तिचा अपवर्तनांक आणि आकार बदलतो. वेव्हफ्रंटची (लेन्समधून निघणाऱ्या प्रकाशलहरीच्या आकाराची) चूक एखाद्या नॅनोमीटरच्या आसपास ठेवायची असताना हे परवडत नाही.

त्यातही डायपोल प्रदीपन त्रासदायक. प्रकाश लेन्सच्या प्युपिलमधून (तिच्या आतल्या प्रकाश जाण्याच्या छिद्रातून) दोनच ठिपक्यांत जातो, तेवढीच जागा तापते. भिंग सगळीकडून सारखं तापलं असतं तर मुख्यतः फोकस आणि मोठेपणा बदलला असता, आणि एखादं भिंग अक्षावर किंचित पुढेमागे सरकवून भागलं असतं. दोन ठिपक्यांची उष्णता मात्र अॅस्टिग्मॅटिझमसारख्या (आडव्या आणि उभ्या रेघा वेगवेगळ्या ठिकाणी फोकस होणं) दिशा असलेल्या चुका आणते, आणि त्याहून वरच्या क्रमाच्याही. त्या नुसत्या सरकवण्याने जात नाहीत. म्हणून प्युपिलजवळच्या काचेत बारीक हीटर बसवून मुद्दाम उलटी उष्णता देतात. लिथोग्राफी मशिन बनवणाऱ्या एएसएमएल कंपनीचं फ्लेक्सवेव्ह याच कल्पनेवर चालतं. उष्णता काढण्यासाठी उष्णताच घालायची, हे मला आधी विचित्र वाटलं होतं.

हे सगळं मोजून झाल्यावर दुरुस्त करायला वेळ नसतो. मास्क (नक्षीचा साचा) कोणता, डोस (प्रकाशाची मात्रा) किती, प्रदीपन कसलं, यावरून लेन्स किती तापेल याचा अंदाज सॉफ्टवेअर आधीच बांधतं. अधूनमधून सेन्सरवर वेव्हफ्रंट मोजून तो अंदाज सुधारतं. गणिताची भाषा झर्निके बहुपदींची (वेव्हफ्रंटमधल्या चुका वेगवेगळ्या आकारांत मोडून मांडणारी सूत्रं). या विषयात शिरायचं असेल तर तुम्ही तिथूनच सुरुवात करा.

13.5 नॅनोमीटरच्या ईयूव्हीत (अतितीव्र अतिनील प्रकाशाच्या लिथोग्राफीत) भिंगंच नाहीत, कारण तो प्रकाश काच गिळून टाकते. तिथे मॉलिब्डेनम-सिलिकॉनच्या थरांचे आरसे असतात आणि प्रत्येक आरसा फार तर 70 टक्के प्रकाश परतवतो. सहा आरशांनंतर जेमतेम 12 टक्के उरतो. बाकीचा बहुतेक आरशांतच मुरतो, तोही निर्वातात, जिथे गार करायला हवा नाही.