दुसरा खोका कशासाठी?

प्रश्न : मी पुण्यात कोथरूडला राहतो. वय ३६, आयटी क्षेत्रात नोकरी. हातात येणारा पगार १,४०,००० रुपये असून गृहकर्जाच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च सुमारे ९५,००० रुपये आहे. अडीअडचणीसाठी १,५०,००० रुपये बाजूला आहेत. यंदा २,२०,००० रुपये बोनस मिळाला आहे. प्लॅस्टिकचे तुकडे जोडून बनवायच्या लेगो खेळण्यांतील मिलेनियम फाल्कन या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील यानाचे, म्हणजे ७५१९२ क्रमांकाचे, दोन सेट घेण्याचा विचार आहे. एक न्यू जर्सीहून मेहुणे आणतील. तो आठ वर्षांच्या मुलीबरोबर जोडायचा आहे. दुसरा येथील आयातदाराकडून १,०५,००० रुपयांना, क्रेडिट कार्डावर १६ टक्के व्याजाने बारा हप्त्यांत घ्यायचा आणि सीलबंद ठेवून दहा वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी विकायचा. ऑफिसातला एक मित्र म्हणतो की नुसत्या मिनीफिगर, म्हणजे सेटमधील छोट्या मूर्ती, विकल्या तरी पैसे वसूल होतात. आपले मत काय?

उत्तर : आपण एकाच पत्रात दोन वेगळे व्यवहार विचारले आहेत आणि दोन्ही खोक्यांवरचे चित्र एकच असल्यामुळे ते एकसारखे वाटत आहेत. पहिला खोका हा खर्च आहे. दुसऱ्याला आपण गुंतवणूक म्हणता, म्हणून त्याला गुंतवणुकीचेच निकष लावावे लागतील, आणि त्या निकषांवर तो टिकत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या मनात दुसऱ्या खोक्याची कल्पना बहुधा या सेटच्या थोरल्या भावामुळे आली असावी. २००७ मध्ये लेगोने याच यानाचा १०१७९ क्रमांकाचा सेट सुमारे ५०० डॉलरला आणला. पाच हजारांहून अधिक तुकड्यांचा हा सेट काही वर्षांतच बंद झाला आणि त्यानंतर सीलबंद खोक्यांचे भाव काही हजार डॉलरपर्यंत गेले. ही गोष्ट खरी आहे आणि संग्राहकांच्या प्रत्येक बैठकीत सांगितली जाते. मात्र तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. २०१७ मध्ये कंपनीने ७,५४१ तुकड्यांचा नवा फाल्कन, म्हणजे आपण घेऊ पाहता तोच सेट, ८०० डॉलरला बाजारात आणला आणि जुन्या सेटचे चढलेले भाव खाली आले. ज्यांना यान हवे होते त्यांना ते आता दुकानात, अधिक तपशिलांसह आणि बऱ्याच कमी पैशांत मिळू लागले होते.

हा अपवाद नव्हता. २००८ च्या, त्याच चित्रपटांतील डेथ स्टार या अवकाशतळाच्या ३,८०३ तुकड्यांच्या सेटची साठेबाजी करणाऱ्यांना २०१६ मध्ये जवळजवळ तसाच ४,०१६ तुकड्यांचा सेट नव्या क्रमांकाने दुकानात दिसला. आपल्या ताजमहालाचे तर उदाहरण अधिकच बोलके आहे. २००८ मध्ये निघालेला १०१८९ क्रमांकाचा ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल बंद झाल्यावर दुर्मीळ म्हणून मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकला जात असे. २०१७ मध्ये कंपनीने तो केवळ एक तुकडा वाढवून पुन्हा काढला. सोन्याची खाण कोणी मनात आणले म्हणून रातोरात वाढत नाही, परंतु प्लॅस्टिकचा साचा कारखान्यात जपून ठेवलेला असतो आणि तो पुन्हा यंत्रावर चढवायचा की नाही, हे डेन्मार्कमधील एक कंपनी ठरवते. आपल्या मालाची दुर्मीळता ज्याच्या हाती आहे, तो आपला भागीदार नाही. तो विक्रेता आहे.

आता ७५१९२ कडे पाहू. २०१७ मध्ये ज्याने हा सेट ८०० डॉलरला घेऊन कपाटात ठेवला, त्याचे काय झाले? कंपनीने २०२२ मध्ये किंमत ८५० डॉलर केली, म्हणजे पाच वर्षांत सव्वासहा टक्के वाढ, आणि उत्पादन चालूच राहिले. जोपर्यंत नवा खोका दुकानात मिळतो तोपर्यंत आपल्या कपाटातील खोक्याला कोणी जादा पैसे देणार नाही. भारतीय खरेदीदाराला रुपयाच्या घसरणीने काहीसा हात दिला, हे मान्य केले पाहिजे. २०१७ च्या ऑक्टोबरात डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता. पण तो लाभ डॉलरचा होता, यानाचा नव्हे, आणि तो मिळवण्यासाठी माळ्यावर खोका ठेवावा लागत नाही.

लेगोतील परताव्याविषयी एक गंभीर अभ्यास उपलब्ध आहे आणि आपल्या मित्राच्या बोलण्याचे मूळही बहुधा तेथेच असावे. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातील २,३२२ न उघडलेल्या सेटच्या किमती तपासल्या आणि सरासरी परतावा वर्षाला सुमारे ११ टक्के असल्याचे दाखवले. वृत्तपत्रांनी हा आकडा उचलला. त्याच अभ्यासातील दोन बाबी मात्र मागे राहिल्या : वेगवेगळ्या सेटचा वार्षिक परतावा उणे ५० टक्क्यांपासून अधिक ६०० टक्क्यांपर्यंत पसरलेला होता, आणि भाव साधारणपणे सेट बंद झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी वाढू लागतात. दोन हजारांहून अधिक सेटची सरासरी एक खोका घेणाऱ्याला मिळत नाही. त्याला त्या एका खोक्याचे नशीब मिळते.

तरीही वादासाठी ११ टक्के गृहीत धरू आणि आपला दुसरा खोका त्या मापाने मोजू. १,०५,००० रुपयांवर १६ टक्के दराने बारा हप्ते म्हणजे दरमहा सुमारे ९,५२७ रुपये. व्याज ९,३२१ रुपये होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,६७८ रुपये. म्हणजे खोका कपाटात गेल्याच्या पहिल्याच वर्षी त्याची खरी किंमत १,१६,००० रुपये झालेली असेल. हीच रक्कम पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी दहा वर्षे वाढली, तर सुमारे २,३०,००० रुपये होतील आणि त्यावर कर नसेल. पीपीएफची मुदत पंधरा वर्षांची आहे हे मला ठाऊक आहे; येथे मी तो केवळ मोजपट्टी म्हणून वापरत आहे.

खोका विकताना परदेशी ऑनलाइन बाजारपेठेचे शुल्कच सुमारे १३ टक्के असते. पॅकिंग आणि इतर किरकोळ खर्च धरून १५ टक्के समजू, जरी पुण्याहून परदेशी कुरिअरने एवढे मोठे खोके पाठवायचे झाल्यास हा अंदाज फारच उदार ठरेल. करही आहे. वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तूंना भांडवली नफ्याच्या करातून सूट असते, परंतु विकण्याच्याच हेतूने सीलबंद ठेवलेल्या वस्तूला वैयक्तिक वापराची म्हणणे मला सल्लागार म्हणून जमणार नाही. २३ जुलै २०२४ पासून अशा मालमत्तेवरील दीर्घकालीन नफ्याला १२.५ टक्के दर आहे आणि महागाईनुसार किंमत वाढवून धरण्याची सवलत नाही. हे सर्व वजा जाता हातात २,३०,००० रुपये उरायचे असतील, तर दहा वर्षांनी आपला खोका सुमारे २,९२,००० रुपयांना विकला गेला पाहिजे. याचा अर्थ किंमत दरवर्षी पावणेअकरा टक्क्यांनी वाढली पाहिजे. म्हणजे तो बहुचर्चित ११ टक्के परतावा जवळजवळ संपूर्ण मिळाला, तरच आपण सरकारी हमीच्या योजनेशी बरोबरी कराल. त्यात जोखमीचा मोबदला कोठेच नाही.

शिवाय तो खोका दहा वर्षे सांभाळायचा आहे. संग्राहक ठेचलेला कोपरा, फुगलेला पुठ्ठा आणि पिवळी पडलेली सीलची पट्टी यांसाठी पैसे कापतात. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातील पुठ्ठ्याला येणारा दमट वास आपल्याला परिचित असेल. कसर आणि झुरळे त्याहून परिचित असतील. सीलबंद असल्यामुळे आतील स्टिकरचा गोंद सुकला की नाही, हेही पाहता येत नाही. माझ्या वडिलांनी टपाल तिकिटांची प्रथम दिवस पाकिटे वर्षानुवर्षे याच आशेने जपली होती. पाकिटे आजही उत्तम स्थितीत आहेत. फक्त ती विकत घेणारा माणूस भेटत नाही. वस्तूला भाव असणे आणि आपल्या गावात, आपल्याला हवे त्या महिन्यात गिऱ्हाईक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलीच्या महाविद्यालयाची फी भरण्याची तारीख गिऱ्हाइकाच्या सोयीने ठरणार नाही.

मिनीफिगरविषयी आपल्या मित्राचे म्हणणे तत्त्वतः चूक नाही, पण या सेटला ते लागू पडत नाही. १९७८ पासून लेगो बनवत असलेल्या या छोट्या माणसांचा स्वतंत्र बाजार आहे आणि काही वेळा संपूर्ण सेटचा जीव एका मूर्तीत असतो. २००३ चा, ‘स्टार वॉर्स’मधीलच क्लाउड सिटी हा सेट घ्या. त्याची किंमत सुमारे १०० डॉलर होती, पण त्यातील बोबा फेट या पात्राच्या मूर्तीच्या हातापायांवरही छपाई होती आणि तशी मूर्ती दुसऱ्या कोणत्याही सेटमध्ये आली नाही. आज ती एकटी मूर्ती सेटच्या मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकली जाते. अशा मूर्तीचे मोल तीन गोष्टींवर ठरते : ती आणखी कोठे मिळते का, त्या पात्राला किती मागणी आहे आणि तिची प्रत कशी आहे. छातीच्या बाजूला पडलेली केसाएवढी चीर, खांद्याशी फाटलेला हात, पुसट झालेली छपाई किंवा हरवलेले केस आणि शस्त्र यांमुळे भाव निम्म्यावर येऊ शकतो. शिवाय बनावट मूर्तींचा सुळसुळाट इतका आहे की अनोळखी विक्रेत्याकडून महाग मूर्ती घेणारा आधी तिच्यावरील लेगोचे नाव भिंगातून पाहतो.

फाल्कनमध्ये सात मिनीफिगर आहेत : तरुण हान सोलो, च्युबाका, लेया आणि सी-थ्रीपीओ, तसेच नंतरच्या चित्रपटांतील वयस्क हान, रे आणि फिन. त्यांच्याबरोबर बीबी-८ हा यंत्रमानव, दोन पोर्ग पक्षी आणि मायनॉक हा एक प्राणी येतो. ही मंडळी आकर्षक असली, तरी बहुतेक पात्रांच्या अशाच किंवा थोड्याफार वेगळ्या मूर्ती लहान आणि स्वस्त सेटमधून पुन्हा पुन्हा आलेल्या आहेत. या सेटची किंमत यानाच्या आकारात आहे, चालक आणि प्रवाशांत नाही. सात मूर्ती विकून एक लाखाची वसुली होईल, असे मी आपल्याला सांगू शकत नाही. आणि मूर्ती काढून घेतल्यावर उरलेले यान अपुरे म्हणून विकावे लागेल, हे मित्राने हिशोबात धरलेले दिसत नाही.

म्हणून दुसरा खोका घेऊ नये. त्याच्या हप्त्यासाठी आपण दरमहा ९,५०० रुपये काढणारच होता, तर तेवढ्याच रकमेची एसआयपी मुलीच्या शिक्षणाच्या नावाने एखाद्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात, सुरू करावी आणि बारा महिन्यांनंतरही ती थांबवू नये. दहा वर्षांचा अवधी समभागांना पुरेसा आहे, आणि फंडातील युनिट आपल्याला फी भरण्याच्या आठवड्यात विकता येतात.

पहिल्या खोक्याबाबत मला थोडे थांबावेसे वाटले, कारण आपली अडीअडचणीची शिल्लक दीड महिन्याच्या खर्चालाही जेमतेम पुरते. आपल्या क्षेत्रात नोकरी गेल्यास नवी मिळेपर्यंत लागणारा काळ लक्षात घेता मी सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ५,७०,००० रुपये, सांगेन. बोनसमधील १,४०,००० रुपये प्रथम तेथे टाकावेत. शिल्लक २,९०,००० होईल आणि तीन महिन्यांची सोय लागेल. उरलेल्या ८०,००० रुपयांत यान बसते : ८५० डॉलर, न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर आणि ८८ रुपयांचा डॉलर धरला, तर रक्कम तेवढीच येते. विमानतळावरील शुल्कमुक्त मर्यादेपुढच्या मालावर सीमाशुल्क द्यावे लागेल, म्हणून मेहुण्यांच्या सामानात इतर भेटवस्तू किती आहेत हे आधी विचारावे आणि दुकानाची पावती त्यांच्याजवळ असू द्यावी. येथील आयातदाराची किंमत एवढी चढी का, याचे उत्तरही सीमाशुल्कातच आहे; खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले होते.

एक पर्याय मात्र सुचवतो. मुलगी आठ वर्षांची आहे आणि हा सेट मोठ्यांसाठी रचलेला आहे. तिचा उत्साह तुकड्यांच्या किती पिशव्यांपर्यंत टिकतो, हे आपल्यालाच अधिक कळेल. याच यानाचा ९२१ तुकड्यांचा ७५३७५ क्रमांकाचा सेट २०२४ मध्ये सुमारे ८५ डॉलरला आला आहे. त्यात मिनीफिगर नाहीत, पण तो दोन-तीन रविवारी पुरा होतो. आधी तो आणावा, आणि तो संपल्यावर तिने मोठा मागितला तर मोठा.

मोठाच घ्यायचे ठरले, तर आजच टेबल मोजावे : पूर्ण झालेले यान ८४ सेंटिमीटर लांब आणि ५६ सेंटिमीटर रुंद असते. तो खोका आपण उघडणारच आहोत, तेव्हा मेहुण्यांना तो तेथेच उघडून पिशव्या दोन सुटकेसमध्ये विभागायला आणि खोका घडी घालून तळाशी ठेवायला सांगावे.