अमेरिकी काँग्रेसमध्ये सर्वाधिक काळ कोण होतं? तिथेही घराणेशाही चालते का?

मिशिगनचे डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन डिंगेल. डिसेंबर 1955 ते जानेवारी 2015, म्हणजे 59 वर्षांहून जास्त, सलग प्रतिनिधीगृहात (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात). आणि हो, घराणेशाही चालते! वडील 1933 पासून त्याच भागाचे खासदार होते. ते वारले आणि पोटनिवडणुकीत 29 वर्षांचा मुलगा निवडून आला. पुढे जागा गेली पत्नी डेबी यांच्याकडे.

पण गडी नुसता वारसा खाऊन बसला नाही. राष्ट्रीय आरोग्य विम्याचं वडिलांचं अपुरं राहिलेलं विधेयक तो दर नव्या काँग्रेसमध्ये पुन्हा मांडायचा. 1965 मध्ये ज्येष्ठांसाठीचं मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) सभागृहात मंजूर झालं तेव्हा सभापतींच्या खुर्चीत डिंगेलच होते. तेव्हाचा लाकडी हातोडा त्यांनी जपून ठेवला. 2010 मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्यावर मतदान झालं, तेव्हा सभापती नॅन्सी पलोसींच्या हातात तोच हातोडा होता.

1973 च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यामागेही तेच. मात्र मतदारसंघ मोटार कारखान्यांचा, त्यामुळे गाड्यांच्या मायलेजचे नियम कडक करायला वर्षानुवर्षे आडवे. अखेर 2008 मध्ये हेन्री वॅक्समन यांनी ऊर्जा व वाणिज्य समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडून हिसकावलं, तेही स्वपक्षीयांच्याच मतांवर.