पॅच पाठवला, तिकडून उत्तरच येईना

प्रश्न: सर, मी लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशोब बघतो. टॅलीतून एक्सएमएल (खुणा लावलेल्या डेटाची फाइल) काढतो आणि एक्सएसएलटी (त्या फाइलला पाहिजे ते रूप देणारी भाषा) लिहून त्याची शेतकऱ्याला द्यायची पट्टी बनवतो, एक्सएसएलटीप्रॉक या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रोग्रॅमवर चालतंय. पण दोन बग सापडले. कट्ट्यांप्रमाणे क्रम लावला की १०० कट्टेवाला आधी आन ९ वाला नंतर येतो, आणि रकमेत १२,३४,५६७ पाहिजे तिथं १,२३४,५६७ छापतंय. ते प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांना कळवलं तर एका ओळीत ‘हा बग नाही’ म्हणून बंद केलं. हे लोक असं का वागायलेत?
– एक वाचक, लातूर

उत्तर: राग येणारच, पण खरं सांगू का, दोन्ही बग नाहीतच. एक्सएसएलटीत सॉर्ट करताना तुम्ही काही सांगितलं नाही तर ते आकड्याला आकडा समजत नाही, अक्षरं समजतं, मग १ हे ९ च्या आधी येणारच ना, डेटा-टाइप नंबर असं एकदा लिहा, झालं काम. (मी स्वतः यात एक आख्खी दुपार घालवलेली आहे, तेव्हा लाजू नका.) स्वल्पविरामाचं जरा वेगळंय. एक्सएसएलटी १.० चं स्पेसिफिकेशन, म्हणजे भाषेचं नियमपुस्तक, १६ नोव्हेंबर १९९९ चं, संपादक जेम्स क्लार्क, आणि त्यात आकडे छापायचा नियम त्या वेळच्या जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून जसाच्या तसा उचललाय. त्या नियमात शेवटचा स्वल्पविराम किती घरांवर आहे तेवढंच बघतात आणि तेच अंतर पुढं सगळीकडं लावतात. म्हणजे आपलं लाख-कोटी त्यात बसतच नाही, तुम्ही पॅटर्न कितीही बरोबर लिहा. २००७ च्या २.० मध्ये हे सुधरलं, वेगवेगळ्या अंतरावरचे स्वल्पविराम चालतात. पण एक्सएसएलटीप्रॉक ज्यावर उभंय ती लिबएक्सएसएलटी नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) १.० वरच आहे, मग सॅक्सन या दुसऱ्या एक्सएसएलटी प्रोसेसरची (एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) होम एडिशन घ्या, तीही ओपन सोर्सच आहे. ती मायकेल के यांची, आणि २.० चे संपादकही तेच.

आता वागण्याचं. तुम्ही काय पाठवलं होतं? तुमच्या पत्रासोबतचा स्क्रीनशॉट बघितला, चारशे ओळींची स्टाइलशीट (एक्सएसएलटीची फाइल), आख्ख्या महिन्याचं एक्सएमएल, वर ‘चुकीचं येतंय, लवकर बघा’. त्यात शेतकऱ्यांची नावं आन रकमा तशाच, ते तर आधी काढून टाका बुवा. समोरचा माणूस नोकरी करून, पोरांना झोपवून रात्री बसतो, त्यानं तुमची आडत समजून घ्यायची का? तीन फायली पाठवायच्या: पाच ओळींचं एक्सएमएल, दहा ओळींची स्टाइलशीट, आणि काय यायला पाहिजे होतं ते. सोबत कोणतं व्हर्जन ते. गंमत अशी की एवढं बारीक करत बसलं की निम्म्या वेळा चूक आपलीच सापडते आणि पाठवायची गरजच राहत नाही. तरी ‘बग नाही’ एवढंच म्हणून दार लावणं मलाही पटत नाही, नियमाचं कलम दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं.

प्रश्न: मी इंजिनिअरिंग करून सध्या घरी आहे, अशाच एका ओपन सोर्स प्रोजेक्टला पॅच (कोडमधली दुरुस्ती) दिला, दीड महिना झाला कुणी बघेना. वडील म्हणतात फुकटचे धंदे बंद कर, शेतात ये.
– एक वाचक, सेलू

उत्तर: वडिलांना इर्जिक माहीतच असेल. एकाच्या रानात सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं, मजुरी नाही, जेवण मिळतं. फरक एवढाच की इथं जेवणही नाही, आणि ज्याचं रान आहे तो कधीकधी भलताच श्रीमंत निघतो. लिबएक्सएसएलटी क्रोम आणि सफारीच्या पोटात होती, अब्जावधी लोकांच्या फोनवर, आणि ती सांभाळणारा एक स्वयंसेवक होता, त्यानं २०२५ मध्ये जबाबदारी सोडली. सिक्युरिटीच्या तक्रारी निस्तरण्यात दर आठवड्याला कित्येक तास जायचे, पैसा नाही. त्याच वर्षी क्रोमवाल्यांनी ब्राउझरमधून एक्सएसएलटीच काढायचं जाहीर केलं. तेव्हा तुझ्या पॅचकडं कुणी बघेना यात तुझा अपमान नाही, बघायला माणूसच नाही. एकदा आठवण दे, नम्रपणे. टेस्ट (दुरुस्ती चालते का ते तपासणारा छोटा कोड) जोडली नसशील तर जोड, टेस्ट नसलेला पॅच म्हणजे तपासणाऱ्याला दुप्पट काम. आणि मधल्या काळात दुसऱ्या दोघांचे पॅच तू चालवून बघ, काय झालं ते लिही. पैशाचं विचारशील तर यातनं थेट येईल असं मी वडिलांना तोंड वर करून सांगू शकत नाही. मुलाखतीत दाखवायला मात्र हे खरं काम आहे. सोयाबीनच्या काढणीत शेतात जा, पॅच कुठं पळून जात नाही.

प्रश्न: मला कोडिंग थोडंच येतं, इंग्रजी तर कच्चंच. माझा काय उपयोग?
– एक वाचक, नांदेड

उत्तर: तुम्हाला मराठी येतं ना ताई, तेच तिकडं कमी आहे. एक्सएसएलटीच्या सॉर्टला भाषा सांगता येते, पण मराठी सांगितल्यावर खरंच मराठी क्रम लागतो का, हे तपासायला मराठी माणूस पाहिजे. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ सगळ्यात शेवटी. युनिकोडच्या (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला दिलेल्या नंबरच्या) नुसत्या क्रमानं लावलं तर ळ हा ल च्या मागोमाग येतो आणि क्ष जाऊन क मध्ये बसतो. वीस शब्दांची यादी करा, कमळ, कमल, क्षमा, ज्ञान, हळद असले शब्द घ्या, आधी हातानं बरोबर लावा, मग प्रोसेसरला लावायला सांगा. दोन याद्या जुळल्या नाहीत तर वर सांगितल्या तशा तीन फायली करून पाठवा. इंग्रजी चार वाक्यांचं लागतं, तेवढं मी बघून देईन, इकडं पाठवा आधी.