मोसमाआधीची जागरणं

“ताई, सांगायलाही लाज वाटते. पिचिंगच्या काळजीनं मला झोप लागत नाही.”

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांसोबत मी काम करते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेसबॉलचा मोसम जवळ आला की हे वाक्य कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतं. पिचिंग म्हणजे बेसबॉलमधली गोलंदाजी. नोकरी, घराचे हप्ते, गावाकडचे म्हातारे आईवडील या काळज्या सांगताना कुणी संकोचत नाही. बेसबॉलच्या संघाची काळजी घेऊन समुपदेशकाकडे येताना मात्र माणसं दारातच अवघडतात. म्हणून एका गृहस्थांची गोष्ट त्यांना विचारून इथं सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय 44, मूळचे सोलापूरचे, न्यूयॉर्क मेट्सचे कट्टर चाहते. ते आले 2025च्या फेब्रुवारीअखेर. त्या हिवाळ्यात मेट्सनं ह्वान सोटो या फलंदाजाला 15 वर्षांसाठी 76.5 कोटी डॉलर देऊन आणलं होतं. बाकीचे चाहते त्या आनंदात होते, यांचा जीव पिचरांत अडकला होता. आधी फ्रँकी माँटासचा पाठीच्या कडेचा स्नायू दुखावला, मग काही दिवसांतच शॉन मनायाचा बरगडीखालचा. आदल्या वर्षीचे पिचर सेवेरिनो आणि किंताना आता संघात नव्हते. क्ले होम्स इतकी वर्षं सामना संपत आल्यावर थोडा वेळ टाकायला येणारा, त्याला आता पहिल्या डावापासून टाकायचं होतं.

बेसबॉल न बघणाऱ्यांना यात एवढं काय, असं वाटेल. मोसमात 162 सामने असतात. सामना सुरू करणारा पिचर नऊपैकी पाच-सहा डाव टाकतो आणि पुढचे चार दिवस हात मोकळा ठेवतो, म्हणून पाच जणांची पाळी लावावी लागते. एक जण गेला तर त्याच्या वाट्याचे तीसेक सामने टाकायचे कुणी? त्यातून कोपराचा अस्थिबंध तुटला, तर शस्त्रक्रिया आणि वर्षभराहून जास्त काळ मैदानाबाहेर. 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली, तेव्हापासून ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. तेव्हा ही काळजी खुळचट नाही. कारण खरं आहे. हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले.

घरात काय चाललं होतं ते त्यांच्या पत्नीनं सांगितलं. रात्री दोन वाजता हे उठून दुखापतींच्या बातम्या बघत. एक्सेलमध्ये कुठल्या दिवशी कोण टाकणार याचा तक्ता होता, तो रोज नव्याने मांडला जाई. 12 वर्षांची लेक विचारत होती, “बाबा, घरच्या पहिल्या सामन्याला जायचं ना?” यावर उत्तर एकच, “पिचिंगचं काय होतंय ते बघू.” हळूहळू तिनं विचारणं सोडलं. पत्नी त्यांना घेऊन आली ती यामुळे.

आता माझी चूक सांगते, कारण घरोघरी नेमकी हीच होते. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, 2024 आठवा. तेव्हाही मोसमाआधी कोदाई सेंगा या पिचरचा खांदा गेला होता, संघ पहिले पाचही सामने हरला होता. तरी 89 सामने जिंकून पुढे बाद फेरीत ब्रुअर्स आणि फिलीज या संघांना हरवलं, थेट डॉजर्सशी लढतीपर्यंत पोचलात! ते हसले, हलके होऊन घरी गेले. चार दिवसांनी फोन आला, “ताई, पण तेव्हा किंताना होता.”

पुढच्या भेटीत त्यांनी स्वतःच दुसरा आधार शोधून आणला. जसप्रीत बुमराची पाठ जानेवारीत सिडनीला दुखावली, तो चॅम्पियन्स करंडकाला मुकला, तरी मार्चमध्ये भारत जिंकलाच. सोलापूरच्या भावानं फोनवर तेच ऐकवलं होतं. दोन रात्री बऱ्या गेल्या, तिसऱ्या रात्री तक्ता पुन्हा उघडला.

तेव्हा मला दिसलं ते असं. हा माणूस दुखापतीला घाबरतच होता, पण त्याहून असह्य त्याला होतं ते न कळणं. आपण दिलेला दिलासा त्या न कळण्यावर तात्पुरतं झाकण घालतो. झाकण उडालं की नवं लागतं. “होईल सगळं नीट” हे आपण प्रेमानं म्हणतो, पण काळजी करणाऱ्या माणसाला त्या वाक्याची सवय लागते. मी ते म्हणणं बंद केलं, पत्नीलाही बंद करायला सांगितलं.

मग काळजीला वेळ नेमून दिली. रोज संध्याकाळी सात ते सात वीस, जेवणाच्या टेबलावर. बिछान्यात नाही. बातम्या त्याच वेळात, एकदाच. इतर वेळी विचार आला तर हाकलायचा नाही, “सात वाजता” म्हणून वहीत एका शब्दात टिपून ठेवायचा. पहिला आठवडा फार वाईट गेला, ते चिडचिडले. तिसऱ्या आठवड्यात वीस मिनिटं भरेनात.

एवढ्यानं संपलं नाही. खोलवर त्यांची एक समजूत होती, आणि ती मला बहुतेक चाहत्यांत भेटते: आधीच वाईट धरून चाललं की पुढे कमी लागतं. यावर मी वाद घातला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांना भाकीत लिहायला लावलं. त्यांनी लिहिलं, “पिचिंगमुळे बाद फेरी हुकेल.” तारीख घातली, पान दुमडलं. आणि पिचर कोण असेल हे माहीत नसताना घरच्या पहिल्या सामन्याची, 4 एप्रिलची, दोन तिकिटं काढली.

बापलेक एडिसनहून गाडीनं पेन स्टेशन, तिथून लाँग आयलंडच्या गाडीनं मेट्सच्या मैदानावर, सिटी फील्डला गेले. त्या दिवशीचा पिचर टायलर मेगिलनं छान टाकलं. पण त्यांनी मला जे रंगवून सांगितलं ते वेगळंच होतं: लेकीनं कागदावर स्कोअर कसा मांडायचा ते शिकून घेतलं होतं आणि बाबांच्या दोन चुका काढल्या होत्या.

पुढचं ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. 12 जूनला मेट्स 45 विजय, 24 पराभव अशा दिमाखात होते. त्याच दिवशी पहिल्या बेसकडे धावताना सेंगाच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. तिथून उतरण लागली, एकेक पिचर गळत गेला. 28 सप्टेंबरला, शेवटच्या दिवशी, मायामीत संघ हरला. सिनसिनाटी आणि मेट्स दोघांचेही 83 विजय झाले, पण आपसातल्या सामन्यांच्या हिशेबानं बाद फेरीतली जागा सिनसिनाटीला मिळाली.

म्हणजे भाकीत खरं ठरलं होतं. मी दिलेला धीर खोटा ठरला होता.

ऑक्टोबरच्या भेटीत त्यांनी वही आणली. ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, जेवढं लागायचं तेवढं लागलंच. फेब्रुवारीतल्या जागरणांचं त्यातून काहीच वजा झालं नाही.”

त्या रात्री झोप लागली का, मी विचारलं. उशिरा लागली, म्हणाले, पण लागली. सामना संपल्यावर लेक रडत होती, ते तिच्या शेजारी बसून राहिले. डोळे पुसत तिनं विचारलं, “बाबा, पुढच्या वर्षी पिचिंगला कोण?”

“मी घड्याळ बघितलं,” ते म्हणाले, “आणि तिला म्हटलं, सातला अजून वेळ आहे. आधी जेवून घेऊ.”