‘मिस करणं’ मराठीत कसं म्हणायचं?

प्रश्न असा आहे : ‘आय मिस यू’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? ‘मी तुला मिस करतो’ कानाला खटकतं आणि ‘तुझी उणीव भासते’ श्रद्धांजलीच्या भाषणातलं वाटतं.

दोन्ही तक्रारी रास्त आहेत. इंग्रजीत ‘मिस’चा कर्ता माणूस असतो. मराठीत माणूस बाजूला सरकतो आणि गोष्ट कर्त्याच्या जागी येते : माझी बस चुकली, एका गुणानं पहिला नंबर हुकला, हातातला झेल सुटला, सकाळची गोळी राहिली. ‘मी बस चुकवली’ म्हटलं तर मुद्दाम सोडली असा वास येतो, कारण नजर चुकवतात, कर चुकवतात. चुकणं आणि हुकणं यांतही फरक आहे. अगदी हाताशी आलेलं गेलं की ते हुकतं; ९८ धावांवर बाद झालेल्याचं शतक हुकतं, चुकत नाही. दोघं एकमेकांना शोधत राहिले आणि भेटलेच नाहीत, तर सरळ ‘चुकामूक झाली’.

माणसाच्या बाबतीतही रचना तीच : मला तुझी आठवण येते. पण ‘आठवण येते’ दूरच्या, अधूनमधून आठवणाऱ्या माणसालाही चालतं. रोजच्या सहवासातलं माणूस गेल्यावरची अवस्था ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ यात येते. समारंभाला न आलेल्या मैत्रिणीला ‘वी मिस्ड यू’ म्हणायचं असेल तर ‘काल तू हवी होतीस’ याहून चांगलं वाक्य मला सुचत नाही. क्रियापद बदललं, कर्ता बदलला, भाव मात्र नेमका पोचला.

आणि लेक सासरी गेल्यावर आई म्हणते, ‘घरात चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.’ ताटं मांडताना हात सवयीनं चौथ्या ताटाकडे जातो आणि थबकतो, तेव्हाचं हे वाटणं. इथे चूक कुणाचीच नाही, तरी शब्द ‘चुकणं’वरूनच आला आहे. गाडी चुकणं आणि माणसावाचून चुकल्यासारखं होणं, इंग्रजीत दोन्हीला ‘मिस’ पुरतो. मराठीतही दोन्हीकडे एकच धातू आहे. म्हणून ‘मिस’ला मराठी शब्दच नाही, हे मला मान्य नाही.

उलट दिशेनं एक सावधगिरी. ‘सांगायचं राहिलं’ याचं ‘आय मिस्ड टु टेल यू’ करू नका. तिथे ‘फरगॉट’ हवं. ‘मिस’नंतर ‘टु’ येत नाही, ‘गोइंग’, ‘टॉकिंग’ अशी रूपं येतात.